पावणं उसात शिरल्यात

घोटणवाडीत गव्याला गवा म्हणत नाहीत. पावणं म्हणतात.

याचं कारण विचारलं तर म्हातारी माणसं सांगतील की जनावराचं नाव घेतलं की ते येतं, म्हणून घ्यायचं नाही. साफ खोटं. नाव न घेताही ते येतंच, आणि बाळासो चौगल्याचा ऊस खाऊन, वर त्यात लोळून जातं. खरं कारण म्हणजे ज्ञानू गार्ड. हा वनरक्षक हातकणंगल्याकडचा, सपाटीवरचा गडी. आजऱ्याकडच्या या डोंगरात बदली होईपर्यंत त्यानं गवा फक्त भिंतीवरच्या कॅलेंडरात बघितलेला. पण कायदा मात्र तोंडपाठ. जंगली जनावरावर फटाका फेकला की गुन्हा. चहाच्या टपरीवर 'काल गवा हाकलला' एवढं कुणाच्या तोंडातनं निसटलं तरी हा खिशातनं वही काढायचा. मग गावानं शहाणपणा केला. फोनवर नुसतं 'पावणं आल्यात' म्हणायचं. ऐकणाऱ्यानं पत्र्याचा डबा आणि सुतळी बॉम्ब घेऊन उसाकडं पळायचं. ज्ञानू शेजारीच बशीतनं चहा ओढत असायचा आणि कौतुकानं म्हणायचा, "लई पै-पावणं हायत बाबा तुमच्या गावाला!"

घोळ कधीच झाला नाही. होणार कसा? दोन पायांचे खरे पाहुणे घोटणवाडीला येतच नव्हते. एसटी दिवसातनं दोनदा, तीही ड्रायव्हरला वाटलं तर. कोण तडमडायला येणार?

मग सफारी आली.

गावाच्या वर जंगलाच्या तोंडाशी लोखंडी फाटक बसलं, तिकिटाची खोली झाली, चार उघड्या जीपा आल्या. फाटकाशेजारी गव्याचं मोठं चित्र काढलं. रंगाऱ्यानं ते बाळासोच्या म्हशीवरनं काढलं हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, कारण म्हशीचा तुटका कानही त्यानं इमानदारीनं काढला होता. पुण्या-मुंबईची माणसं टोप्या घालून यायला लागली. बाळासोनं घराला चुना मारून 'घरगुती जेवण व मुक्काम' अशी पाटी लावली. म्हणजे दिवसा तो गव्याच्या नावानं पाहुण्यांना झुणका-भाकरी वाढायचा आणि बाकीच्या वेळी त्याच गव्याच्या आईमाईचा उद्धार करत डबा बडवायचा. त्याला यात काही वावगं वाटत नव्हतं. कुणालाच वाटत नव्हतं.

सहा गाईड निवडले. पाच पोरं, कॉलेज अर्धवट सोडलेली, केसाला जेल लावणारी. आणि सहावी आक्काताई कांबळे.

आक्काताई पन्नाशीला टेकलेली. नवरा नागसेन गवंडी, दोन पोरी सासरी. हिला इंग्रजी येत नाही, हिंदी आलं तर ते ऐकणाऱ्याला येत नाही. पण परीक्षेच्या दिवशी वनखात्याच्या साहेबांनी दहा पक्ष्यांचे आवाज वाजवले आणि हिनं दहाही ओळखले, वर अकरावा आवाज साहेबांच्या मोबाईलच्या घंटीचा आहे हेही सांगितलं. पहिला नंबर, यादीत मात्र सहावी! बाळासो पंचायतीच्या पायरीवर उभा राहून म्हणालाच, "गावात दुसरी माणसं न्हाईत व्हय गाईड करायला?" दुसरी म्हणजे कुठली ते त्यानं सांगितलं नाही आणि आक्काताईलाही ते विचारायची गरज पडली नाही. ती म्हणाली, "हायत की. पर त्यास्नी तितर आन् कोंबडीतला फरक कळत न्हाय."

तीस वर्षं ती याच जंगलात कुंपणाखालनं सरपटत गेली होती. शिकेकाई, हिरडा, जळण. गार्डाची शिट्टी वाजली की मोळी टाकून पळायचं. एकदा गावली तेव्हा जुन्या गार्डानं चौकीच्या दारात दिवसभर बसवून ठेवलं होतं, पाणीसुद्धा दिलं नाही, आणि येणारी-जाणारी गावची माणसं बघून जात होती. आता तिच्या खाकी कोटावर 'मार्गदर्शक क्र. ६' असा पितळी बिल्ला होता, आणि रोज सकाळी जीप आली की ज्ञानू धावत येऊन फाटक उघडायचा आणि म्हणायचा, "या आक्का." एवढंच. पण त्या 'या'साठी ती पहाटे चारला उठून कोटाला इस्त्री करायची. हा बिल्ला गेला तर आपलं काय होईल याचा विचारही ती करत नसे.

गाईड म्हणून तिची तऱ्हा मात्र अशी होती की साहेबांना रक्तदाबाची गोळी सुरू करावी लागली. "वाघ दिसेल का?" असं कुणी विचारलं की, "वाघाची आज साप्ताहिक सुट्टी हाय." हातभर लांब कॅमेऱ्याची नळी घेऊन आलेल्या एकाला ती म्हणाली, "एवढी तोफ आणलाईसा आन् मारणार काय, तर खंड्या." अत्तर मारून आलेल्या बाईंना तिनं आदरानं सांगितलं, "ताई, तुमी अजून हितं हाईसा, पर तुमचा वास कवाच तळ्यावर पोचलाय. जनावरं उठून गेली बघा." अभिप्रायाच्या वहीत एकानं लिहिलं होतं: 'गाईड उद्धट आहे. पण पुढच्या वेळी हीच हवी.'

अडचण एकच होती. गवा सहसा दिसत नव्हता.

जंगलात एकच तळं आणि सफारीचा रस्ता नेमका त्याच्या काठानं. चार जीपा तिथं घरघरत उभ्या, पोरं चिप्स खातायत, गवा येणार कुठला? आणि गवत म्हणावं तर सगळीकडं रानमोडी माजलेली. ते झुडूप एकदा आलं की खाली गवताची काडी उगवत नाही, आणि त्याला शेळीसुद्धा तोंड लावत नाही. गवे कुठं आहेत हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. उसात आहेत. दिवसभर तिथंच बसतात, गार सावलीत, तोंडापाशी जेवण. पाहुणे पैसे भरून जंगलात जातात आणि पावणं फुकट गावात येतात, असा सगळा उलटा कारभार.

शुक्रवारी अमरसिंह साहेबांनी सगळ्या गाईडांना बोलावलं. साहेब म्हणजे या जंगलाचे वनाधिकारी. माणूस वाईट नव्हता, फक्त कायम घाबरलेला असायचा.

"उद्या कमिटी येतीय," साहेब म्हणाले. "नागपूरहून. आपल्या तालुक्यात सफारीची दोन फाटकं आहेत, आपलं आणि उंबरमेटचं. त्यातलं एकच ठेवणार. जे ठेवतील तिथले गाईड कायम. दुसरीकडचे घरी. कळलं का?"

सगळ्यांना कळलं. जेलवाल्या पोरांचे केससुद्धा बसले.

"कमिटीला एकच गोष्ट महत्त्वाची वाटते," साहेब आक्काताईकडं बघून म्हणाले, "गावाचं आणि प्राण्यांचं भांडण आहे का नाही. तर विचारलं की सगळ्यांनी एकच वाक्य बोलायचं. 'आमच्या गावात मानव आणि वन्यजीवांचं सहजीवन आहे.' आक्का, म्हणा बघू."

"सहजीवन म्हंजे लगीन झाल्याव असतंय त्येच न्हवं?"

"आक्का!"

"आमच्या गावात मानव आन् वन्यजीवांचं सहजीवन हाय," आक्काताई भरभर म्हणाली. "लगीन झाल्याव बी भांडणं असत्यातच म्हना."

"एवढंच बोलायचं. एवढंच! त्याच्यापुढं तुमच्या तोंडातनं शब्द निघाला तर मी उद्याच बदली मागून घेईन." साहेबांचा आवाज खरंच कापत होता. आक्काताईला त्यांची दया आली. शिवाय बिल्ला तिच्या कोटावर होता आणि तो तिथंच राहावा असं तिला साहेबांपेक्षा जास्त वाटत होतं. रात्री भाकऱ्या थापताना तिनं ते वाक्य इतक्या वेळा म्हटलं की नागसेन वैतागून म्हणाला, "जेव आता, वन्यजीव."

शनिवारी सकाळी सहाला कमिटी आली. मोठ्या मॅडम होत्या, श्रुती मॅडम, पांढरे केस बारीक कापलेले, पायात चिखलाचे जुने बूट. बरोबर दोन पुरुष. एक दाढीवाला वही घेऊन, दुसरा कॅमेरा घेऊन. ठरलं असं होतं की अकरापर्यंत सफारी, मग जीपनं डांबरी रस्त्यानं बाळासोच्या घरी. तिथं दारात 'सुस्वागतम्' असं रंगवलेलं कापड दोन बांबूंना बांधलेलं, जोतीरामची हलगी तयार, आणि बाळासोची बायको तानाबाई भाकरतुकडा ओवाळायला ताट घेऊन उभी राहणार.

सफारीत काय दिसलं? दोन मोर, एक शेकरू आणि भरपूर रानमोडी. तळ्यावर अर्धा तास उभं राहून एक बेडूक दिसला, त्याचाही कॅमेरेवाल्यानं फोटो काढला, कारण करणार काय. साहेब घामानं निथळत होते. आक्काताई तोंड शिवल्यासारखी गप्प. पाहुण्यांनी विचारलं तेवढ्या झाडांची नावं सांगायची, पुढं एक अक्षर नाही. तिच्या आयुष्यात ती इतका वेळ कधी गप्प बसली नव्हती आणि तिचं डोकं दुखायला लागलं होतं.

साडेआठलाच मॅडम म्हणाल्या, "पुरे. परत जाऊ." फाटकापाशी उतरून त्यांनी कमरेवर हात ठेवले. "जेवायचं ते घर कुठं?"

"ते काय, उसाच्या पल्याड. कौलं दिसत्यात बघा," आक्काताईनं दाखवलं.

"मग चालतच जाऊ की. जीप कशाला?"

साहेबांनी जीपच हवी, उसात साप असतात, चिखल आहे, असं बरंच सांगून बघितलं. मॅडमनी बूट दाखवले आणि चालायला लागल्या. साहेब मागं वळून ज्ञानूला ओरडले, "बाळासोला फोन लाव! म्हणावं, पाहुणे निघालेत, तयारीत राहा!" आणि पाचही जण उसातल्या पायवाटेला लागले.

ज्ञानू आज्ञाधारक माणूस. त्यानं लगेच फोन लावला. तिकडं बाळासो नवा फेटा डोक्यावर बसवत होता.

"बाळासो, पावणं उसात शिरल्यात!" ज्ञानू म्हणाला.

बाळासोचा हात फेट्यावरच थांबला. "कवा?"

"आत्ताच. सरळ तुमच्या घराकडं निघाल्यात."

"आयला! किती हायत?"

"पाच."

"बारकं हायत का मोठं?"

"आवं लई मोठं! तयारी नीट करा, मागनं काय बोलणं नको..."

फोन कटला. बाळासोचा हिशेब सरळ होता. कमिटी अकराला येणार, आत्ता साडेआठ. पाच मोठे गवे दारात उभे असताना कमिटी आली तर सहजीवन गेलं खड्ड्यात. अडीच तासात पावणं डोंगरावर गेलं पाहिजेत. ज्ञानूला हा शब्द कुणी शिकवला, असा प्रश्न त्याला पडायला हवा होता. पडला नाही. उलट त्याला वाटलं, चला, गार्ड शेवटी आपल्यातला झाला. त्यानं पंधरा जणांना फोन केले. हलगीवाला जोतीरामही पळाला, हलगी गळ्यातच.

इकडं उसात आक्काताई पुढं, मागं मॅडम, मग दाढी, कॅमेरा आणि साहेब. ऊस दोन पुरुष उंच. पुढचं मागचं काही दिसत नव्हतं. मॅडमनी वाकून चिखलातला खुराचा ठसा बघितला आणि विचारलं, "हा ताजा दिसतोय?"

आक्काताईनं तोंड उघडलं, साहेब मागनं जोरात खोकले, तिनं तोंड मिटलं.

आणि पहिला बॉम्ब पडला.

दाढीवाला उसाच्या सरीतच आडवा झाला. दुसरा बॉम्ब, तिसरा. चारी बाजूंनी डबे बडवायला लागले, हलगी कडकडली, गोफणीतनं दगड सुटून पाल्यात सळसळत गेले, आणि बाळासोचा आवाज: "हाणा! हाणा! तंगड्याव हाणा! एक बी हितं ऱ्हाऊ दिऊ नगासा!"

"आरं थांबा! मानसं हायत! मानसं हायत!" आक्काताई जीव तोडून ओरडली. पण त्या गदारोळात ऐकतंय कोण? तिकडनं फक्त एवढंच ऐकू आलं, "मादी वरडालीया रं!" आणि आणखी एक बॉम्ब आला. तिनं मॅडमना धरून सरीत खाली दाबलं आणि स्वतः त्यांच्या अंगावर आडवी पडली.

आणि तेव्हा शेजारच्या सरीतला ऊस हलला.

तो एकटाच होता. म्हातारा नर, कळपातनं बाहेर पडलेला. सकाळपासनं तिथंच बसला असणार. बॉम्बच्या आवाजानं उठला, पण पळाला नाही. कुठं पळायचं ते त्याला कळत नव्हतं. तो आक्काताईपासून पाच हातांवर उभा राहिला आणि मान वळवून बघायला लागला. सात महिने ती पाहुण्यांना लांबनं, दुर्बिणीतनं, नशीब असेल तर, हाच गवा दाखवायची आणि सांगायची, "बघा काय रुबाब हाय!" आज जवळनं बघितलं. उजवा डोळा पांढरा, फुटलेला. त्या बाजूचं तोंड भाजून कातडी आवळलेली. बरगड्या मोजता आल्या असत्या. आवाज आला की तो थरथरत होता, एवढं मोठं धूड, पार पायापर्यंत. बॉम्ब आक्काताईनं कधी फेकला नव्हता, पण कुणाला अडवलंही नव्हतं.

मग तो वळला आणि ऊस मोडत सरळ बाळासोच्या घराकडं गेला.

तिथं दारात तानाबाई ताट घेऊन उभी होती. नवरा कुठं पळाला ते तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण वाजतगाजत कुणीतरी येतंय म्हटल्यावर ती पदर सावरून पुढं झाली. समोरनं आला गवा. तानाबाईनं ताट टाकलं नाही, ही तिची कमाल. तिनं डोळे मिटले, भाकरीचा तुकडा फेकला आणि तशीच उलट्या पावलांनी घरात जाऊन कडी लावली. गवा दोन बांबूंच्या मधनं गेला. कापड त्याच्या शिंगात अडकलं आणि 'सुस्वागतम्' मिरवत तो ओढा ओलांडून जंगलात शिरला.

पाच मिनिटांनी अंगणात सगळे जमले. एका बाजूला चिखलानं माखलेली कमिटी. दुसऱ्या बाजूला डबे, गोफणी घेतलेले पंधरा जण आणि मध्ये फेटा सुटलेला बाळासो, हातात न पेटलेला सुतळी बॉम्ब. ज्ञानूही धावत आला होता आणि त्याला अजून काहीच कळलं नव्हतं. सवयीनं त्यानं वही काढली. बाळासोचा चेहरा पांढराफटक पडला. फटाके, दगड, पंधरा साक्षीदार आणि नागपूरच्या मॅडम. गुन्हा, कोर्ट, तुरुंग.

"हे काय होतं?" मॅडमनी विचारलं. आवाज शांत होता, त्यामुळं जास्त भीती वाटत होती.

साहेब तर डोळे मिटून उभे होते.

"स्वागत," आक्काताई म्हणाली.

"काय?"

"स्वागत म्याडम. आमच्या कोल्लापुरात असंच करत्यात. पावणं मोठं असलं की बार उडवायचा, हलगी वाजवायची. लगनात तर ह्याच्या दुप्पट असतंय."

"आणि दगड?"

"त्ये पाखरं हाकलाय. तुमच्या डोस्क्याव घाण करत्यात न्हवं."

"आणि 'हाणा, तंगड्यावर हाणा' असं कुणीतरी ओरडत होतं."

"जोतीरामला. हलगी हाण म्हनून. त्यो जरा हळू वाजवतोय."

जोतीरामनं घाईघाईनं हलगीवर दोन टिपऱ्या मारल्या. कॅमेरेवाल्याला हसू आवरेना. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी बाळासोच्या हातातला बॉम्ब काढून घेतला, ज्ञानूची वही मिटून त्याच्याच खिशात घातली आणि म्हणाल्या, "स्वागत झालं. आता सगळ्यांनी जा. मला या गाईडशी एकटीशी बोलायचंय."

साहेब जाता जाता आक्काताईच्या कानाशी पुटपुटले, "वाक्य. आक्का, वाक्य. तुमच्या पाया पडतो."

दोघी ओट्यावर बसल्या. तानाबाईनं दाराच्या फटीतनं पाण्याचा तांब्या बाहेर ठेवला आणि पुन्हा कडी लावली.

"मी खुळी नाही," मॅडम म्हणाल्या. "त्या माणसावर मी काही करणार नाही. पण मला खरं सांगा. गवा रोज उसात येतो?"

वाक्य तयार होतं. नुसतं बोलायचं होतं. मॅडमना गवा पाच हातांवर दिसला होता, कॅमेरेवाला उड्या मारतच अंगणाबाहेर गेला होता, उंबरमेटला असलं काही आयुष्यात दिसणार नव्हतं. फाटक इथंच राहणार. बिल्ला राहणार. ज्ञानू रोज 'या' म्हणणार, मरेपर्यंत.

"आमच्या गावात मानव आन् वन्यजीवांचं..." आक्काताईनं सुरुवात केली. पुढचं येईना. रात्रभर घोकलेलं वाक्य अर्ध्यातच राहिलं. समोर तो पांढरा डोळा दिसत होता.

"म्याडम, त्याचा डोळा आमी फोडलाय," ती म्हणाली. "गेल्या सालात. कुणाचा बॉम्ब, ते सांगणार न्हाय. आमच्या गावाचा."

मॅडमनी पाण्याचा तांब्या उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"येतंय, रोज येतंय. कळपच्या कळप येतोय. न यीऊन करंल काय? रानात रानमोडी. तळं एक, त्येच्या काठाला तुमच्या जीपा. आमी दिवसभर तितं दंगा करतोय आन् मग लोकांस्नी सांगतोय, शांत बसा, जनावर यील. कसं यील? त्या तळ्याकडचा रस्ता बंद करा. ही झुडपं मुळासकट काढा, गवत यीऊ द्या. दोन सालं तरी मानूस आत सोडू नगा. मग त्ये उसात येतंय का बघा."

"तो रस्ता बंद केला तर इथल्या सफारीत काही उरत नाही," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे फाटकच बंद. हे मी लिहिलं तर तुमचं काम जाईल. कळतंय ना?"

"कळतंय की मला," आक्काताई एकदम चिडून म्हणाली. "खुळी हाय व्हय मी? लिवा. आन् लवकर लिवा, न्हायतर मन बदलंल माझं."

मॅडमनी लिहिलं.

महिन्याभरात हुकूम आला. सफारी उंबरमेटला. घोटणवाडीचं फाटक दोन वर्षं बंद, रानमोडी काढायची, तळ्याकडं कुणी जायचं नाही. गावात नुसता शिमगा झाला. जेलवाल्या पोरांनी तिच्याशी बोलणं सोडलं. आणि सगळ्यात जास्त बोंबलला कोण, तर बाळासो. ज्याला तिनं तुरुंगातनं वाचवला, तोच पंचायतीच्या पायरीवर उभा राहून ओरडला, "तुज्या तोंडाला कुलूप घालाय पायजे हुतं आक्के! माजी पाटी पुसली तू!"

"पाटी पुसली, पर ऊस ऱ्हाईल तुजा," आक्काताई म्हणाली. "आन् स्वागताचं काय झालं सांगू का ज्ञानूला? वही हाय त्येच्याकडं अजून."

बाळासो पायरीवरनं उतरला. पण घरी आल्यावर ती जेवली नाही. नागसेननं तिचं ताट झाकून ठेवलं आणि म्हणाला, "एक खोटं बोलली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"बोललो की एक," ती म्हणाली. "दुसरं निघंना."

सोमवारी बिल्ला आणि कोट परत करायचा होता. तिनं कोटाला इस्त्री केली, घडी घातली आणि फाटकावर गेली. ज्ञानूनं ते दोन्ही हातांनी घेतलं आणि कुठं ठेवावं ते न कळून छातीशी धरून उभा राहिला. फाटकाला साखळी होती. तेवढ्यात खालनं एक गाडी आली. पेठ वडगावचं कुटुंब, मागच्या सीटवर पोरं टोप्या घालून बसलेली. चालवणाऱ्यानं काच खाली केली.

"ओ गार्ड, सफारी बंद हाय व्हय? एवढ्या लांबनं आलोय आमी. कुणी बंद केली?"

"वरनं आलाय हुकूम," ज्ञानू म्हणाला.

"वरनं न्हाय," आक्काताई म्हणाली. "मी बंद केलोय."

माणसानं तिला खालवर बघितलं. साधं लुगडं, पायात चप्पल, हातात काही नाही. "तुमी कोन म्हनायच्या?"

"हितली गाईड," आक्काताई म्हणाली, आणि ज्ञानूच्या, त्या पोरांच्या, सगळ्या पाहुण्यांच्या देखत तिला रडू फुटलं.